आधी ज्युरी मोजा: वर्णद्वेषावरची कोर्टकादंबरी पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या दक्षिणेतलं एखादं लहान गाव, एक काळा आरोपी, एक गोरा वकील आणि माणसांनी खच्चून भरलेलं कोर्ट. या घाटाच्या कादंबऱ्या आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात, पण बहुतेक जण त्या रहस्यकथेसारख्या वाचतात. गुन्हा कोणी केला, वकील आरोपीला सोडवणार का, एवढ्यावरच सगळा जीव. मी जिल्हा कोर्टात वकिली करतो आणि आमच्या वाचनगटात अशी पुस्तकं लावून देतो. दर वेळी तेच प्रश्न येतात. "एवढा ढळढळीत पुरावा असताना शिक्षा झालीच कशी?" "जज काय झोपला होता?" "मग अपील का नाही केलं?" उत्तरं कादंबरीत नसतात, कारण ती वाचकाला ठाऊक आहेत असं लेखकाने धरलेलं असतं.

या पुस्तकांतला निकाल बहुतेकदा खटला उभा राहण्याआधीच लागलेला असतो. तो कोणी, कुठे बसून आणि कोणत्या कागदावर लावला, हे शोधत वाचलं तर पुस्तक उलगडतं. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. 'टू किल अ मॉकिंगबर्ड'चा निकाल मी खाली फोडला आहे. ते पुस्तक कोरं वाचायचं असेल तर आधी वाचून या. बाकीच्यांचे शेवट सांगत नाही.

सोबत काय ठेवायचं

- अलाबामा, मिसिसिपी आणि लुइझियाना दिसतील असा नकाशा. मोबाइलवरचा चालेल.
- एक वही आणि पेन्सिल. वहीची दोन पानं मोकळी ठेवा, एक ज्युरीसाठी आणि एक साक्षींसाठी.
- मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवायची चार सालं. १८९६: गोऱ्या-काळ्यांना रेल्वेच्या वेगवेगळ्या डब्यांत बसवणारा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. १९३५: काळ्या लोकांना ज्युरीबाहेर ठेवून चालवलेला खटला त्याच न्यायालयाने रद्द केला. १९५४: शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. १९८६: केवळ वर्ण पाहून ज्युरीतून माणसं वगळायला सरकारी वकिलाला मनाई झाली.
- ओळखीत एखादा वकील असेल तर त्याचा नंबर. अशा विषयावर फुकट बोलायला आम्हाला आवडतं.

१. पुस्तक कोणतं घ्यायचं

सुरुवात हार्पर लीच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'ने (१९६०) करा. त्यानंतर अर्नेस्ट गेन्सची 'अ लेसन बिफोर डाइंग' (१९९३). वेगवान काही हवं असेल तर जॉन ग्रिशॅमची 'अ टाइम टु किल' (१९८९); लेखक स्वतः मिसिसिपीत वकिली करत होता, त्यामुळे कोर्टातली ये-जा त्याला तोंडपाठ आहे. काळ्या-गोऱ्यांच्या पलीकडचं वाचायचं असेल तर डेव्हिड गटरसनची 'स्नो फॉलिंग ऑन सीडर्स' (१९९४), जिच्यात आरोपी जपानी वंशाचा कोळी आहे. विल्यम फॉकनर सगळ्यात शेवटी. त्याचं एकेक वाक्य पानभर चालतं आणि नवशिक्याचा धीर सुटतो.

पहिला सापळा इथेच आहे, तो म्हणजे आधी सिनेमा बघणं. १९६२च्या सिनेमात ग्रेगरी पेकला ऑस्कर मिळालं, आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात ही एका वकिलाची गोष्ट झाली. पुस्तक एका लहान मुलीच्या तोंडून येतं आणि खटला निम्मं पुस्तक झाल्यावर सुरू होतो. "कोर्ट कधी येणार" म्हणत आधीची पानं चाळू नका. खटल्याची खरी तयारी तिथेच चाललेली असते.

२. दोन सालं लिहा

गोष्ट कधी घडते आणि पुस्तक कधी आलं, ही दोन सालं पहिल्या पानावर लिहा. 'मॉकिंगबर्ड' घडतं १९३३ ते १९३५ या मंदीच्या काळात, पण छापलं गेलं १९६० साली. मधल्या काळात शाळांमधल्या वर्णभेदाचा १९५४चा निकाल लागला होता आणि अलाबामातल्या माँटगोमेरीत काळ्या लोकांनी वर्षभर बसवर बहिष्कार टाकला होता. १९६०चा गोरा वाचक पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून जे वाचत होता, ते त्याच्या दाराबाहेर चालू होतं. गेन्सची कादंबरी १९४०च्या दशकाच्या अखेरीची आहे आणि गटरसनची १९५४ची. दोन्ही आल्या नव्वदच्या दशकात.

३. ज्युरी मोजा

आपल्या वाचकाची खरी अडचण इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे ज्युरी राहिली नाही. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. त्याआधी होती, आणि नानावटी खटला सगळ्यांना माहीत असतो. १९५९ साली मुंबईत नऊ जणांच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. हे डोक्यात ठेवून अमेरिकन कादंबरी वाचली की गफलत होते. तिथल्या बारा जणांनी एकदा "निर्दोष" म्हटलं की विषय संपला. न्यायाधीशाला ते फिरवता येत नाही आणि त्याच आरोपावर पुन्हा खटलाही नाही. "दोषी" म्हटलं तर मात्र न्यायाधीश तो निकाल रद्द करून नवा खटला देऊ शकतो. पण तशी हिंमत करणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत मतं मागायची असतात, कारण तिथे बऱ्याच राज्यांत न्यायाधीश निवडून येतात.

म्हणजे सत्ता बारा खुर्च्यांकडे. त्या खुर्च्यांवर कोण बसतं यावर सगळं ठरतं, आणि हे मराठी माणसाला नव्याने शिकवावं लागू नये. टिळकांवरच्या १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. निकाल लागला ६ विरुद्ध ३. १९०८ साली सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल ७ विरुद्ध २. ही बेरीज आपण शाळेपासून जाणतो. अलाबामाची कादंबरी उघडली की ती विसरतो, एवढंच.

आता ज्युरीचं पान उघडा आणि चार आकडे शोधा. गावात काळे किती, ज्युरीच्या यादीत किती, बोलावलेल्यांत किती, प्रत्यक्ष बसलेल्यांत किती. बहुतेक पुस्तकांत पहिला आकडा मोठा आणि शेवटचा शून्य असतो. मधली गळती कुठे झाली हे महत्त्वाचं. काळ्यांना ज्युरीबाहेर ठेवणारा उघड कायदा १८८० सालीच रद्द झाला होता. त्यानंतर काम कारकुनाच्या वहीत होऊ लागलं. मतदार यादीत नाव नाही तर ज्युरीच्या यादीत नाही, आणि मतदार यादीत नाव यायचं तर मतपट्टी, म्हणजे मतदानासाठीचा कर, भरा, साक्षरतेची परीक्षा द्या. ती परीक्षा घेणारा गोरा.

ती वही कशी चालायची याचं एक उदाहरण बघा. मार्च १९३१ मध्ये अलाबामातल्या पेंट रॉक स्टेशनावर मालगाडीतून नऊ काळी पोरं उतरवली गेली. दोन गोऱ्या मुलींवर बलात्काराचा आरोप. स्कॉट्सबरो गावात काही दिवसांत खटले उरकले आणि आठ जणांना फाशी सुनावली गेली. पुढे बचावाचे वकील सॅम्युअल लीबोविट्झ यांनी मुद्दा काढला की जॅक्सन परगण्यात ज्युरीवर कधी काळा माणूस बसलेलाच नाही. सरकारने वही पुढे केली: हे बघा, यादीत सहा काळ्यांची नावं आहेत! पण नव्या कारकुनाने जुनी यादी जिथे संपली तिथे लाल रेघ मारून ठेवली होती. हस्ताक्षरतज्ज्ञाने साक्षीत सांगितलं की ही नावं लाल रेघेवर चढलेली आहेत, म्हणजे आधी रेघ आली आणि मग नावं. ती वही सर्वोच्च न्यायालयात नेली, न्यायमूर्तींनी भिंग लावून पाहिली, आणि १९३५ साली शिक्षा रद्द झाली. ती मुलं तरीही वर्षानुवर्षं तुरुंगातच राहिली, हे वेगळं सांगायला नको.

हेच यंत्र उलट दिशेनेही चालतं. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. आरोपी दोन गोरे. टॅलाहॅची परगण्यात निम्म्याहून जास्त वस्ती काळी होती, पण मतदार यादीत एकही काळा नव्हता. मग ज्युरीत बारा गोरे पुरुष, आणि ६७ मिनिटांत निर्दोष. काही महिन्यांनी त्या दोघांनी एका मासिकाला पैसे घेऊन खुनाची हकिगत सांगितली. कोणी काही करू शकलं नाही, कारण वर सांगितलं ते: एकदा निर्दोष म्हणजे कायमचं.

ग्रिशॅम वाचताना ज्युरी निवडीची प्रकरणं लोक कंटाळून सोडतात. तीच नीट वाचा. कोणाचं नाव कोणी आणि का खोडलं हे तिथे तासातासाने दिसतं.

४. गावाची उधारीखाती मांडा

लहान गावात साक्षीदार, वकील, शेरीफ आणि ज्युरीतला शेतकरी एकमेकांना परके नसतात. कोण कोणाचं देणं लागतो, कोण कोणाच्या शेजारी राहतो, हे नकाशासारखं काढा. 'मॉकिंगबर्ड'मधल्या मेकूम गावात कनिंगहॅम नावाचा गरीब शेतकरी वकिलाची फी जळाऊ लाकूड आणि अक्रोडासारख्या फळांत चुकती करतो. ही गोड वाटणारी माहिती पुढे तुरुंगाच्या दारात कामी येते. आरोपीला ओढून न्यायला आलेल्या जमावात तोच कनिंगहॅम उभा असतो, आणि वकिलाची पोरगी त्याला नावाने हाक मारून त्याच्या पोराची चौकशी करते तेव्हा जमाव फुटतो. त्याच घरातला एक जण पुढे ज्युरीत बसतो. तक्रारदार यूअल कुटुंब कचराडेपोजवळ, काळ्यांच्या वस्तीला लागून राहतं. गोऱ्यांमध्ये सर्वांत खालचं घर. त्यांच्याकडे कातडीच्या रंगाखेरीज दुसरं काही नाही, म्हणून तो रंग ते सोडत नाहीत.

'स्नो फॉलिंग'मध्ये नकाशा आणखी महत्त्वाचा. भांडणाच्या मुळाशी आहे सात एकर स्ट्रॉबेरीचं रान. जपानात जन्मलेल्यांना जमीन घ्यायला कायद्याने बंदी होती, म्हणून व्यवहार तोंडी विश्वासावर आणि हप्त्यांवर. १९४२ साली जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबलं गेलं आणि अखेरचे हप्ते थकले. सातबाऱ्यावरून भाऊबंदकी पाहिलेल्या वाचकाला हे पुस्तक अमेरिकन वाचकापेक्षा लवकर कळतं, असा माझा अनुभव आहे.

५. साक्षींचं पान

पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे "सिद्ध झालं", उजवीकडे "नुसतं सांगितलं". 'मॉकिंगबर्ड'मधला आरोपी टॉम रॉबिन्सन, त्याच्यावर यूअलच्या मुलीवरच्या बलात्काराचा आरोप. त्याच्या खटल्यात डावी बाजू अशी भरते: मुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजली होती, शेरीफ आधी चुकून डावी म्हणतो, मग दुरुस्त करतो. मुलीचा बाप कोर्टात सही करतो ती डाव्या हाताने. आरोपीचा डावा हात लहानपणी सरकीच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. डॉक्टरला कोणी बोलावलंच नाही. उजव्या बाजूला काय उरतं? बाप-लेकीचे शब्द.

उलटतपासणी कशी बांधावी हे शिकायला नवशिक्या वकिलालाही हा भाग द्यावा. पण खटला पुराव्यावर हरला जात नाही. सरकारी वकील आरोपीला विचारतो, फुकट का मदत करायचास तिला? टॉम सांगून बसतो की मला तिची कीव यायची. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर कवडीमोलाचं आहे. पण त्या कोर्टात काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करणं हा आरोपपत्रात नसलेला गुन्हा होता, आणि ज्युरीने तो ऐकला. प्रत्येक कोर्टकादंबरीत असं एक उत्तर असतं. त्याखाली रेघ मारा.

६. वकिलाला देव्हाऱ्यात बसवू नका

टॉमचा वकील अ‍ॅटिकस फिंच हा खटला आपणहून घेत नाही. न्यायाधीश त्याला नेमतो. त्याच्या बोलण्यातही गावाबद्दल बराच समजूतदारपणा आहे, आणि गाव तसं समजून घेण्यासारखं आहे का, हा प्रश्न वाचकाने विचारायला हरकत नाही. हार्पर लीचे वडील अलाबामातल्या मन्रोव्हिलमध्ये वकील होते. १९१९ साली त्यांनी खुनाच्या आरोपातल्या दोन काळ्या माणसांचा बचाव केला, दोघेही फाशी गेले. २०१५ साली आलेल्या लीच्याच 'गो सेट अ वॉचमन'मध्ये म्हातारा अ‍ॅटिकस वर्णभेद मोडायच्या विरोधात उभा दिसतो, आणि आमच्या गटात यावरून दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

उतारा म्हणून गेन्स वाचा. तिथे खटला पहिल्याच प्रकरणात संपतो. बचावाचा वकील ज्युरीला सांगतो की याला खुनाचा बेत आखण्याइतकी अक्कलच नाही; याला विजेच्या खुर्चीत बसवणं म्हणजे डुकराला बसवणं. म्हणजे बचाव करणाराच अशिलाला माणसातून उठवतो. उरलेलं सगळं पुस्तक त्या एका शब्दाची भरपाई करण्यात जातं: आरोपीची धर्ममाता गावातल्या मास्तराला तुरुंगात पाठवते, त्याला मरण्याआधी पुन्हा माणूस कर म्हणून.

७. निकालानंतरची पानं

अपिलाचा प्रश्न इथे सुटतो. टॉमच्या अपिलात दम होता, वकिलाला आशाही होती. पण अपिलाला लागतात महिने, आणि तोवर माणसाने तुरुंगात जिवंत राहायचं असतं. टॉम कुंपणावर चढतो आणि १७ गोळ्या खातो. त्या काळी अलाबामात बलात्काराला देहदंड होता. १९३० नंतर अमेरिकेत बलात्कारासाठी ज्या ४५५ जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यांतले ४०५ काळे होते. हा आकडा माहीत असला की टॉम का पळाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

८. शेजारी एक खरा खटला ठेवा

ज्या मन्रोव्हिलवरून मेकूम बेतलं, तिथलं जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे आणि तिथे दरवर्षी 'मॉकिंगबर्ड'चं नाटक होतं. त्याच गावात १९८७ साली वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या लाकूडतोड्या कंत्राटदाराला खुनाच्या आरोपाखाली पकडलं. खुनाच्या वेळी तो घरी होता, आणि तिथे जमलेले कितीतरी लोक ते सांगायला तयार होते. खटला उभा राहण्याआधीच त्याला फाशीच्या कोठड्यांत ठेवलं गेलं. खटल्याची जागा बदलून दिली, पण अशा परगण्यात जिथे काळी वस्ती आणखी तुरळक. दीड दिवसात खटला संपला. ज्युरीने जन्मठेप सुचवली आणि न्यायाधीशाने ती बदलून मृत्युदंड केला. अलाबामातला हा अधिकार २०१७ पर्यंत शाबूत होता. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाने त्याला १९९३ साली सोडवलं.

ग्रिशॅमच्या कादंबरीत खटला दुसरीकडे नेण्याच्या अर्जावर बरीच रणधुमाळी आहे. मॅकमिलियन माहीत असेल तर ती पानं वेगळ्या नजरेने वाचाल: जागा बदलणं म्हणजे आपोआप न्याय नव्हे. नव्या जागेची ज्युरीही मोजायची.

९. "आपल्याकडच्या जातीसारखंच" म्हणताना

गटात हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत येतं. नातं खरं आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, आणि १९७२च्या दलित पँथरने नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. पण "सारखंच" म्हणून मोकळं झालं की दोन्हीकडचं काही कळत नाही.

आपल्याकडे ज्युरी नाही, तेव्हा गावाचा पूर्वग्रह कोर्टात कुठून शिरतो? माझ्या कामातून सांगतो: फिर्याद लिहून घेतानाच. ठाण्यात "मिटवून टाका" म्हणणारा असतो. घटनेला दोन दिवस उलटल्यावर लिहिलेली फिर्याद असते. पंच म्हणून बोलावलेला माणूस आरोपीच्याच शेतावर मजूर असतो. साक्षीदार सरतपासणीत "मला काही दिसलं नाही" म्हणतो आणि फितूर घोषित होतो. १९८९च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरासाठी शिक्षेची तरतूद आहे ती उगाच नाही. अमेरिकन कादंबरी वाचून झाली की हाच प्रश्न गटापुढे ठेवा: तिकडे बारा खुर्च्या, इकडे कोणती खुर्ची?

१०. गटात वाचणार असाल तर

दोन बैठका ठेवा. पहिली खटला सुरू होण्याआधीच्या पानांवर, दुसरी पुढच्या. साक्षीचा भाग पात्रं वाटून मोठ्याने वाचा. नुसतं डोळ्यांनी वाचताना डाव्या-उजव्या हाताचा घोळ हमखास होतो. या पुस्तकांत काळ्या लोकांसाठीची शिवी पानोपानी येते. ती मोठ्याने उच्चारायची का, हे वाचन सुरू होण्याआधी ठरवा. आम्ही तिथे थांबून पुढे जातो. वाचन अडत नाही, आणि थांबा किती वेळा घ्यावा लागला ते सगळ्यांना ऐकू येतं.

तिसरी बैठक हवी असेल तरच फॉकनरची 'इंट्रूडर इन द डस्ट' (१९४८) लावा. तिच्यात काळा आरोपी तुरुंगात आहे, जमाव त्याला जाळायला येणार म्हणून गाव वाट बघतंय, आणि एक पोरगा पुरावा शोधायला रात्री कबर उकरायला निघतो. ज्युरीचं पान या पुस्तकात कोरं राहतं, कारण तिथवर प्रकरण पोचूच द्यायचं नाही असं निम्म्या गावाने ठरवलेलं असतं. त्या पानावर मग चौकात थांबलेल्या मोटारी मोजा.